थांबचा हात

४ मार्च

ठोंब्या,

सलाम लिहायला हात वळत नाही, पण बाबांनी रीत लावून ठेवली आहे म्हणून लिहिते. सलाम. पत्र लिहून झालं की तुझे दाजी ते वाचतील आणि मगच पाकिटात घालतील. तेव्हा यात कुठे काही लपलंय का, ते शोधत बसू नकोस.

त्या रविवारपासून या घरात कुणी नीट जेवलेलं नाही. मंडळी नटूनथटून चर्चच्या आवारात उभी. बिशपसाहेब झगा सावरून खुर्चीवर बसलेले. बँडवाल्यांचे गाल फुगलेले. नवी घंटा निम्म्या मनोऱ्यापर्यंत गेलेली आणि खाली क्वायरची पोरं गातायत, त्यात तुझी भाची चिमणीही. आणि तू क्रेन थांबवलीस. थांबवलीस ते थांबवलीस, वर भोंगा वाजवून पोरांना पांगवलंस आणि घंटा परत खाली आणून फळ्यांवर टेकवलीस. तुझे दाजी 'वर घे, वर घे' म्हणून आभाळाकडे बोट फिरवतायत, आणि त्यांच्याच क्रेनवर बसलेला त्यांचाच मेहुणा सगळ्यांदेखत त्यांना जुमानत नाही. बँडला थांबा म्हणून कुणी सांगितलं नाही, तो बिचारा वाजवतच राहिला.

चर्चच्या पंचकमिटीने विचारलं तर म्हणे, "मला थांबचा हात दिसला." कुणाचा? तोंडाला कुलूप. कमिटीने आवारातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणीही हात दाखवलेला नाही. यांनी हुक, दोर, घंटा टांगायचा पट्टा सगळं कमिटीपुढे मांडलं. कुठे काही खोट नाही. आता सगळीकडे एकच बोलणं चाललंय, की यांनी तुला धंद्यात भागीदार केलं नाही म्हणून तू डूख धरलास. मंडळीसाठी यांनी हे काम हौसेने अंगावर घेतलं होतं. तू त्यांचं नाक कापलंस.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी घंटा पुन्हा चढवायची आहे. त्याआधी तुझं माफीपत्र आलं पाहिजे. चक्कर आली होती म्हण किंवा डोकं फिरलं होतं म्हण. ते उपासनेत वाचून दाखवतील. नाही पाठवलंस तर या दाराशी येऊ नकोस. भंगाराच्या वखारीत कामाला लागलास असं कळलं. जागा बरोबर मिळाली.

(अजून तरी) तुझी ताई


१० मार्च

ताई, आणि ताईच्या खांद्यावरून वाचणारे दाजी,

दोघांनाही सलाम. एका पाकिटात दोन कामं झाली.

माफीपत्र पाठवत नाही. चक्कर आली नव्हती, डोकंही जागेवर होतं. हात दिसला, थांबलो. ताई, बाबांनी क्रेनवर आयुष्य काढलं आणि त्यांचा नियम तुलाही पाठ आहे. 'वर घे' फक्त सिग्नलवाला सांगतो. 'थांब' मात्र कुणीही सांगू शकतं. झाडूवाली, शाळेतलं पोर, रस्त्याने चाललेला परका माणूस. आणि ऑपरेटरने 'का' म्हणून विचारायचं नसतं. आधी थांबायचं, मग विचारायचं. कुत्र्याने शेपूट आडवी धरली तरी थांब, म्हणायचे. उपासनेहून घरी येताना हेच बाबा म्हणायचे की प्रभूचंही असंच आहे, वर घ्यायचं तो स्वतः सांगतो, पण थांब म्हणायला तो कुणाचाही हात वापरतो.

दाजी, आज्ञापालनावर तुम्ही ओळीने तीन रविवार बोललात. छान बोललात. मी ऐकलं, एवढीच चूक झाली.

हात कुणाचा ते मी सांगणार नाही. ज्याचा हात त्याने सांगावं. मी मोठा शूर आहे असंही समजू नका. घंटा खाली येईपर्यंत मला एवढंच कळत होतं की नोकरी गेली, घर गेलं आणि ताईही गेली.

इथे खोली टायरच्या दुकानावर आहे. चहालाही रबराचा वास येतो. मालक मला 'ए वरचा' म्हणून हाक मारतो. भंगार उचलायला मात्र बरं असतं, खाली पडलं तरी आणखी काय मोडणार?

तुमचा,
वरचा


१४ मार्च

मेहुण्यास,

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसलो. तुझी बहीण हसली नाही, तिचं डोकं दुखत होतं.

मला आज्ञापालन शिकवू नकोस. बत्तीस माणसं माझ्या बोटावर कामं करतात. ज्या दिवशी माणूस मालकाचं बोट सोडून गर्दीतले हात बघायला लागतो, त्या दिवशी कामाचा बाजार उठतो. नवा ऑपरेटर ठेवला आहे. तो फक्त माझ्या बोटाकडे बघतो.

पट्ट्याबद्दल तू कमिटीतल्या एकाकडे चौकशी केलीस, ते कळलं. नवा पट्टा मोठ्या साइटवर अडकलाय, म्हणून जुना लावला. हा पट्टा माझ्या लग्नाआधीपासूनचा आहे आणि त्याने मला कधी दगा दिलेला नाही. तुझ्याबद्दल हे म्हणता येत नाही. माझी स्वतःची मुलगी खाली उभी राहून गाते. पट्टा वाईट असता तर मी तिला तिथे उभं केलं असतं का? एवढी अक्कल चालव.

तुझी हत्यारांची पेटी उघड्यावर पडली आहे. गंजली तर मी जबाबदार नाही. आवारात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. हे पंच म्हणून नाही, दाजी म्हणून सांगतोय.


१७ मार्च
शिवणवर्ग

ठोंब्या,

उत्तर द्यायचंच असेल तर वर्गाच्या पत्त्यावर दे, घरी नको. इथे दुपारी मी एकटी असते. मुली पाच वाजता येतात आणि त्यांना पत्रांपेक्षा फ्रिलमध्ये जास्त रस आहे.

'ज्याचा हात त्याने सांगावं.' हा टोमणा कुणाला होता? हे मोठ्याने वाचत होते आणि मी डोकं दुखतंय म्हणून ताटावरून उठले. मी कसलाही हात दाखवलेला नाही. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं म्हणून मी कपाळावर हात धरला. तुला त्यात थांब दिसलं असेल तर डोळे तपासून घे. एवढ्याशा गोष्टीवरून तू माझ्या घरात काडी टाकलीस आणि स्वतः लांब जाऊन शेकत बसलास.

हे रोज कामावरून येतात ते कुणाशी न बोलता अंथरुणावर पडतात. मंडळीतल्या बायका मला बघून बोलणं बदलतात. चिमणी विचारते, मामा वाईट आहे का? मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू?

आणि बाबांचं ते वाक्य मला परत पाठवू नकोस. बाबा मेले ते बरं झालं. निदान त्यांना हे बघायला लागलं नाही.

ताई


२० मार्च

ताई,

मी तुझं नाव घेतलंच नव्हतं. खाई त्याला खवखवे.

कपाळावर हात? तू चर्चच्या पायऱ्यांवर उभी होतीस, पहिल्या रांगेत. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरलेले, तळवे खाली, आणि ते तू आडवे हलवत होतीस. हे आपल्याला कुणी शिकवलं? लहानपणी जिन्यात मी वरच्या पायरीवर क्रेन व्हायचो, दोरीला बादली बांधून. तू खाली उभी राहायचीस. मी थांबलो नाही तर बाबा बादली माझ्याच डोक्यावर ओतायचे. उन्हासाठी कुणी दोन हात पसरत नाही. उडून जायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

मी कमिटीपुढे गप्प बसलो ते तुझ्यावरच्या मायेने, असा समज करून घेऊ नकोस. माया होती, ती तू त्या दिवशी खोटं बोललीस तेव्हा आटली. दाजींनी माझी कॉलर धरली होती आणि तू चिमणीच्या वेण्या घालत होतीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला मी. गप्प बसलो कारण मला फक्त हात माहीत आहे. कारण तुला माहीत आहे. मी तुझं नाव घेतलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर ते कारण कायमचं पुरलं गेलं असतं.

थांबायच्या आधी विचारायचं नसतं. आता थांबून झालंय, म्हणून विचारतो. तुला काय दिसलं?

भाऊ


२३ मार्च

ठोंब्या,

वाच आणि जाळून टाक. घरात तुझ्यासारखा एक भाऊ असला की बाहेर वैरी शोधायला नको.

यांचा जुना निळा पट्टा डिसेंबरात कापला गेला. लोखंडी कड लागली आणि एका बाजूने आत चिरत गेला. हे तो वर्गात घेऊन आले, माझ्या बॅगा शिवायच्या जाड मशीनवर टाकला आणि म्हणाले, "जरा नीट दिसेल असं कर. हलकं सामान उचलायलाच वापरणार आहे." मी चिरेवर कॅनव्हासची पट्टी लावली, दुहेरी शिवण मारली. निळा दोरा संपला होता म्हणून मोरपंखी घातला. हे शिवण बघून इतके खूश झाले की म्हणाले, "तू शिवलेलं कधी उसवतं का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाचं असं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं. मी त्या दिवशी गुणगुणत घरी गेले.

त्यांना खरंच वाटतं की पट्टा दुरुस्त झालाय. लबाडी नाही ती. पण मला माहीत आहे मी काय शिवलं. मी चीर झाकली. दोऱ्याने कापड धरतं, घंटा नाही धरत.

त्या दिवशी घंटा वर जाताना मान वर केली आणि उन्हात मला मोरपंखी दोरा दिसला. शिवण ताणली की आधी दोरा चमकतो, मग टाके एकेक करून उठतात. पहिले टाके उठलेले मी बघितले. खाली चिमणी तोंड उघडून गात होती. मग माझे हात काय करतायत ते मला कळलंच नाही. घंटा खाली टेकली तेव्हा कळलं, आणि मी ते हात लगेच चिमणीच्या वेणीत घातले. हे पट्टा कमिटीला दाखवत होते. पट्टी जागेवर होती. पट्टीच्या खाली कोण बघतंय?

आता बघ माझी गत. खरं सांगितलं तर मंडळी यांच्या तोंडावर थुंकेल. वर्गाची खोली यांची, मशीन यांचं, घर यांचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच राहू दे. त्या पट्ट्याने इतकी वर्षं वजन पेललंय, आणखी एकदा पेलेल. तरी काळजी म्हणून त्या रविवारी चिमणीला ताप आलाय असं सांगून मी तिला घरी ठेवणार आहे.

येऊ नकोस. उत्तरही नको.

ताई


२५ मार्च

ताई,

आणि बाकीच्या पोरांना ताप कोण आणणार?

भाऊ


२ एप्रिल

ठोंब्या,

ते एका ओळीचं पत्र मी तुझ्या तोंडावर फेकून मारायला हवं होतं. टायरच्या दुकानावर बसून एक ओळ लिहायला काय जातं? तीन दिवस मी ते ब्लाउजच्या मापांच्या चिठ्ठ्यांखाली दडवलं आणि तीन दिवस ते तिथून बोलत राहिलं. क्वायरमधल्या दोन मुली माझ्याकडे शिवण शिकतात. त्यातली एक सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढते. तिच्याकडे बघवेना.

शुक्रवारी मी यांना सांगितलं. सरळ सांगितलं, ती पट्टी शोभेची आहे, पट्टा आतून गेलाय. ते हसले. खरंच मनापासून हसले. म्हणाले, "तुझं शिवण मला माहीत आहे." मी पुन्हा सांगितलं तर म्हणाले, "भावाने कान भरले वाटतं," आणि दिवा घालवला. शनिवारी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बिशपसाहेबांची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे बाई, आपण प्रार्थना करू. आम्ही प्रार्थना केली. त्यांची आमेन झाली तेव्हा माझी सुरूही झाली नव्हती.

रविवारी मी चिमणीला ताप आणला नाही. तिला पांढरा फ्रॉक घालून क्वायरमध्ये उभी केली. तिला घरी ठेवलं असतं तर मी पायऱ्यांवरून हलले नसते, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत होतं. माझ्यासारखी आई कुणाला मिळू नये.

बँड सुरू झाला. यांचं बोट फिरायला लागलं. मी पायऱ्यांवरून दोन्ही हात पसरले, बाबांनी शिकवले तसे, आणि मोठ्याने थांब म्हणाले. नवा ऑपरेटर यांच्या बोटाकडेच बघत होता. त्याचं काय चुकलं, त्याला तेवढंच शिकवलंय. पट्टा ताणला गेला. घंटा फळ्यांवरून अजून उठायची होती. मी पर्समधून कात्री काढली आणि चालत गेले. ताणलेल्या पट्ट्याजवळ कधी जायचं नाही, हेही बाबांनीच शिकवलंय, पण ते त्या दिवशी मोडलं. मी थेट घंटेला टेकून उभी राहिले तेव्हा क्रेन थांबली. बाई चिरडली तर तुरुंगात कोण जाणार, एवढं त्या ऑपरेटरला कळत असावं.

हे धावत आले. "वेड लागलंय का तुला?" म्हणाले. बोलले असते तर रडले असते आणि रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? मी पहिला टाका कापला आणि दोरा ओढला. आयुष्यात मी इतकी चांगली दुहेरी शिवण मारलेली नाही, आणि ती एका ओढीत अशी निघाली जशी कच्ची टीप निघते. पट्टी खाली पडली. निळ्या पट्ट्याची निम्मी रुंदी गेलेली होती. उरलेल्या निम्म्याचे धागे सगळ्यांसमोर एकेक करून तुटत होते. आवाज येत होता बारीक बारीक.

या वेळी बँड आपोआप थांबला.

मग मी म्हणाले, चीर यांना माहीत होती, ती झाकली मी, गेल्या वेळी हात माझा होता, आणि माझा भाऊ खोटं बोलला नव्हता. एवढंच म्हणाले. त्यात 'प्रभू' हा शब्दही आला नाही. तू मला धैर्य-बिर्य लिहून पाठवू नकोस. मला कसलाही प्रकाश दिसला नाही, कुणाचा आवाज आला नाही. तुला निदान समोर हात दिसला. मला नुसतं माझं शिवण दिसत होतं.

तुला वाटत असेल की मंडळीने मला खांद्यावर घेतलं. वर्गातल्या निम्म्या मुली यायच्या बंद झाल्या. क्वायरमधल्या एका पोरीची आई म्हणाली, "म्हणजे पहिल्या वेळीही तुला माहीत होतं तर." पाळकसाहेब मला बघून वाट बदलतात. यांना पंचकमिटीतून काढलं. ते भिंतीकडे तोंड करून जेवतात. मी वाढते, ते ताट पुढे ओढतात, आणि त्या ओढण्यात जे काय असेल तेवढंच आमचं बोलणं. मारलं नाही. एकदा हात उगारला होता, पण मध्ये चिमणी उभी राहिली. दोन्ही हात पसरून. तिला हे मी कधी शिकवलं नव्हतं, त्या दिवशी बघून शिकली असेल. यांचा हात तसाच वर राहिला आणि मग खाली आला.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू पहिल्यांदा थांबलास म्हणून मला दुसऱ्यांदा चालत जावं लागलं. आणि तू थांबला नसतास तर काय झालं असतं, ते वाक्य मी पुरं करत नाही.

घंटा अजून जमिनीवर आहे. फळ्यांखाली मांजर व्यालंय. तुझी पेटी मी उचलून वर्गात आणली, तेल लावून ठेवली आहे. पाने थोडे गंजले होते, घासले.

ताई


१६ एप्रिल

मेहुण्यास,

तुझ्या बहिणीने हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. तिला माहीतही नाही.

नवा ऑपरेटर सोडून गेला. म्हणाला, जिथे मालकाची बायको कात्री घेऊन मध्ये येते तिथे मी काम करत नाही. मंडळीने दुसऱ्या कंत्राटदाराला विचारलं, पण ही घंटा मी वर न्यायची म्हणून घेतली होती आणि मीच नेणार. पंच नसलो तरी. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तू म्हणशील. म्हण.

नवा पट्टा आणला आहे. तू येऊन स्वतः हाताने तपास, आतून आणि बाहेरून. मी तुझ्याशी बोलणार नाही. घरी जेवायला बोलावणार नाही. तुझ्या पत्रातलं आज्ञापालनावरचं ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ये. बँड नाही, बिशप नाही. पोरं आवाराबाहेर उभी राहतील. 'वर घे' चा हात मीच देणार. तुझी बहीण पायऱ्यांवर उभी राहील. तिने हात पसरले तर माझ्याकडे बघू नकोस. थांब.